यंत्रांचा शेजारधर्म

शेजारच्या घरीं रात्रीं उशिरापर्यंत ढोल वाजत राहिला, तर आपण उठून त्या घराचें दार ठोठावतों. त्रास कोठून होतो हें आपणांस ठाऊक असतें, आणि आपण त्रास देत आहों हें वाजविणारालाहि ठाऊक असतें. त्यामुळें दोन शब्दांत प्रकरण मिटतें. परंतु जेथें त्रास देणाराला आपल्या अपराधाची गंधवार्ताहि नाहीं, आणि त्रास सोसणाराला आपल्या पीडेचें मूळ दिसत नाहीं, तेथें काय करावें? विजेवर चालणाऱ्या यंत्रांच्या जगांत हा प्रश्न नित्याचा आहे. त्याचा विचार ज्या शास्त्रांत होतो त्याला विद्युच्चुंबकीय सुसंगततेचें शास्त्र म्हणतात. नांव लांबलचक असलें तरी त्याचा विषय शेजारधर्मापलीकडचा नाहीं, हें पुढील विवेचनावरून ध्यानांत येईल.

ग्रेट ब्रिटनमधील वेल्समध्यें ॲबरहोसान नांवाचें एक लहान खेडें आहे. तेथील लोकांना टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटची सोय मिळत असे. ही सोय दररोज सकाळीं सात वाजतां, घड्याळ लावल्याप्रमाणें, बिघडूं लागली. हा प्रकार थोडाथोडका नव्हे, अठरा महिने चालला. तंत्रज्ञ वारंवार आले, त्यांनीं तारा तपासल्या, लांबच्या लांब केबल नवी घातली. पण गुण येईना. अखेरीस ते एके दिवशीं पहाटे सहा वाजतां, भर पावसांत, विद्युत्-लहरींचा शोध घेणारें यंत्र हातांत धरून गांवांत हिंडूं लागले. सात वाजतांच त्या यंत्रावर गोंगाटाची खूण उमटली, आणि तिचा माग काढीत ते एका घराशीं येऊन पोहोंचले. त्या घरांत एक जुना दूरचित्रवाणी संच होता. तो दररोज सकाळीं सातला लावला जाई, आणि लावतांच विद्युत्-गोंगाटाचा असा लोट बाहेर टाकी कीं सबंध गांवाची इंटरनेटची सोय बिघडून जाई. घरमालकाला हें समजतांच अत्यंत ओशाळें वाटलें, आणि तो संच पुन्हां न लावण्याचें त्यानें तत्काळ कबूल केलें. २०२० सालच्या सप्टेंबर महिन्यांत ही हकीकत प्रसिद्ध झाली.

या हकीकतींत दुष्ट कोणीच नाहीं. संच पाहणारा निरपराध आणि गांवकरीहि निरपराध. तरी नुकसान व्हावयाचें तें झालेंच. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. यंत्राच्या अशा गोंगाटाची झळ बहुधा यंत्राच्या मालकाला लागत नाहीं. ती शेजाऱ्याला लागते. जो यंत्र विकत घेतो त्याला हा दोष दिसत नाहीं, आणि ज्याला तो जाचतो तो त्या यंत्राचा गिऱ्हाईक नसतो. म्हणून इतर दोषांप्रमाणें हा दोष बाजारांत आपोआप उघडकीस येत नाहीं, कीं कारखानदाराला त्याची शिक्षा मिळत नाहीं. या एका कारणास्तव येथें नियमांची आवश्यकता उत्पन्न झाली आहे.

हा गोंगाट उत्पन्न तरी कसा होतो? १८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें दाखवून दिलें कीं, एका वेटोळ्यांतील विद्युत्प्रवाह बदलला म्हणजे त्याला न चिकटलेल्या शेजारच्या वेटोळ्यांतहि क्षणभर प्रवाह उत्पन्न होतो. पुढें १८६५ च्या सुमारास जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें गणितानें सिद्ध केलें कीं, असे बदल लहरींच्या रूपानें प्रकाशाच्या वेगानें अवकाशांत पसरले पाहिजेत. आणि १८८७-८८ मध्यें जर्मनींतील हाइन्रिख हर्ट्झ यानें त्या लहरी प्रयोगशाळेंत प्रत्यक्ष निर्माण केल्या. यावरून निघणारें अनुमान सोपें आहे. ज्या तारेंतील प्रवाह जलद बदलतो ती प्रत्येक तार थोड्याबहुत अंशानें लहरी बाहेर फेंकते, आणि प्रत्येक तार थोड्याबहुत अंशानें बाहेरच्या लहरी टिपूनहि घेते. बिनतारी संदेश धाडतांना आपण या गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतों. परंतु आपली तशी इच्छा नसली तरी निसर्ग आपला नियम सोडीत नाहीं.

अशा व्यत्ययाच्या प्रत्येक प्रकरणांत तीन पक्ष असतात: गोंगाट करणारें यंत्र, गोंगाट वाहून नेणारा मार्ग, आणि त्यानें पीडित होणारें यंत्र. मार्ग मुख्यतः दोन आहेत. एक तारेचा, म्हणजे विजेची किंवा टेलिफोनची तार दोघांना जोडीत असते. दुसरा तारेवांचून, केवळ अवकाशांतून. यांपैकीं कोणत्याहि एका पक्षाचा बंदोबस्त झाला कीं व्यत्यय संपतो.

पूर्वींच्या काळीं पीडित यंत्रानें उठून दूर जावें, हाच उपाय सोपा वाटे. त्याचें एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. मुंबईस कुलाबा येथील वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें होत असत. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईची घोड्यांची ट्राम जाऊन विजेची ट्राम येणार, असें ठरलें. ट्रामच्या रुळांतून व जमिनींतून वाहणाऱ्या प्रवाहामुळें नाजूक चुंबकसुया हेलकावे खाऊं लागतील, हें जाणत्यांनीं आधींच ओळखलें. म्हणून नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे संचालक असतांना, १९०४ सालीं, हें काम सुमारें ३० किलोमीटर दूर, समुद्रापलीकडे अलिबाग येथें नेण्यांत आलें. तेथील इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली आणि लोखंड कटाक्षानें वगळलें. जुन्या व नव्या नोंदींचा मेळ बसावा यासाठीं १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें केलीं. १९०७ सालीं मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली, त्यापूर्वींच वेधशाळेनें आपलें बिऱ्हाड हलविलें होतें. ट्रामहि चालली आणि शास्त्रहि वांचलें.

परंतु आज असें अलिबाग कोणाकोणासाठीं शोधावयाचें? एका घरांत संगणक, टेलिफोन, राउटर, दूरचित्रवाणी, विजेचे दिवे आणि चार्जर हीं सारीं यंत्रें हाताच्या अंतरावर, बहुधा एकाच फळीवरून वीज घेऊन, चाललेलीं असतात. रुग्णालयांत तर हाच दाटीवाटीचा संसार रोग्याच्या खाटेभोंवतीं असतो. दूर जाण्यास जेथें जागा नाहीं, तेथें जवळ राहण्याची रीत शिकली पाहिजे. यंत्राला ती रीत शिकविणें म्हणजेच त्याला सुसंगत करणें होय. तिचीं अंगें दोन: आपण मर्यादेपेक्षां अधिक गोंगाट करूं नये, हें पहिलें, आणि दुसऱ्यांच्या साधारण गोंगाटानें आपण गोंधळून जाऊं नये, हें दुसरें.

पहिल्या अंगाचा विचार रेडिओपासून सुरू झाला. १९२० नंतर घरोघर रेडिओ येऊं लागला, आणि त्याबरोबर ट्रामच्या व मोटारींच्या ठिणग्यांचा खरखराटहि ऐकूं येऊं लागला. प्रत्येक देशानें निरनिराळीं मापें ठरविलीं असतीं, तर एका देशांत निर्दोष ठरलेलें यंत्र दुसऱ्या देशाच्या बंदरांत अडकून पडलें असतें. म्हणून १९३३ सालीं पॅरिस येथें विचारविनिमय होऊन, १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाच्या आश्रयाखालीं रेडिओ-व्यत्ययासंबंधीं एक खास समिति कार्य करूं लागली. फ्रेंच नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘सिस्पर’ म्हणतात, व तिचें कार्य आजहि चालू आहे. या समितीनें जें मापकयंत्र ठरविलें त्यांतील एक विचार मोठा मार्मिक आहे. मिनिटांतून एकदां होणारा खट्ट असा आवाज आपण सहज सोसतों. तोच सेकंदाला शंभर वेळां झाला तर, प्रत्येक आवाजाचा जोर तितकाच असूनहि, गाणें ऐकणें अशक्य होतें. म्हणून मापकाची रचना अशी केली कीं, ठिणगीच्या जोराबरोबरच ती किती वेळां येते हेंहि त्यानें हिशेबांत घ्यावें. अर्थात् ऐकणाराच्या कानाला होणारा जाच हेंच येथें मापाचें मूळ ठरलें.

पुढें संगणक आले आणि प्रश्नानें नवें रूप धारण केलें. १९७५ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया येथील होमब्रू कंप्यूटर क्लबच्या एका बैठकींत स्टीव्ह डॉम्पियर या सभासदानें ‘ऑल्टेअर ८८००’ नांवाचा संगणक आणला. त्या यंत्राला पडदा नव्हता, कीं आवाजाचा कर्णा नव्हता. डॉम्पियर यानें एकेक कळ खालींवर करून त्यांत आज्ञा भरल्या आणि जवळ एक साधा रेडिओ ठेवला. थोड्याच वेळांत रेडिओमधून एका लोकप्रिय गाण्याची चाल ऐकूं येऊं लागली! संगणकाच्या तारांतून बाहेर पडणारा गोंगाट रेडिओ टिपीत होता, आणि डॉम्पियर यानें तो गोंगाटच सुरांत बांधला होता. सभासदांनीं टाळ्या वाजविल्या. परंतु शेजारीं रेडिओ ऐकूं इच्छिणाराला ही करमणूक खचित रुचली नसती. घरोघर संगणक आल्यावर तक्रारी वाढल्या, आणि १९७९ सालीं अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें संगणकजातीच्या यंत्रांसाठीं उत्सर्जनाचे, म्हणजे बाहेर टाकलेल्या गोंगाटाचे, नियम केले.

संगणक इतका गोंगाट कां करतो? त्यांतील प्रवाह ‘आहे’ आणि ‘नाहीं’ या दोन अवस्थांमध्यें सेकंदाला कोट्यवधि वेळां उड्या मारीत असतो. तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे मूळ स्वराबरोबर जसे वरचे स्वरहि निनादतात, तसाच प्रकार येथें होतो. सेकंदाला दहा कोटि, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या ठेक्यावर चालणाऱ्या मंडलांतून ३००, ५०० व ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीहि निघतात. उडी जितकी तडकाफडकी, तितके हे वरचे स्वर अधिक जोरदार. शिवाय १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते, आणि तिच्या चतुर्थांशाएवढी तार उत्तम आकाशतार ठरते. म्हणजे संगणकाला जोडलेली पाऊण मीटरची साधी केबल कोणाच्याहि मनांत नसतां प्रक्षेपणाचें काम करूं लागते. गोंगाट पेटींत जन्मतो, पण बाहेर पडतो तो पुष्कळदां केबलच्या वाटेनें, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

१९८५ सालीं सिस्परनें माहिती-तंत्रज्ञानाच्या यंत्रांसाठीं ‘सिस्पर २२’ नांवाचें मानक प्रसिद्ध केलें. २०१२ सालीं निघालेल्या ‘सिस्पर ३२’ या व्यापक मानकानें पुढें त्याची जागा घेतली. यांत यंत्रांचे दोन वर्ग आहेत. ‘ब’ वर्ग घरगुती उपयोगाचा, आणि ‘अ’ वर्ग कचेऱ्या, कारखाने इत्यादि अन्य स्थळांचा. ‘ब’ वर्गाच्या यंत्रापासून १० मीटरवर, ३० ते २३० मेगाहर्ट्झच्या टापूंत, लहरींचें बल ३० डेसिबेलपेक्षां अधिक असतां कामा नये; म्हणजे मीटरमागें सुमारें ३२ मायक्रोव्होल्ट. मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. त्याच टापूंत ‘अ’ वर्गाला ४० डेसिबेल, म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट, इतकी सवलत आहे. २३० पासून १००० मेगाहर्ट्झपर्यंत हेच आंकडे अनुक्रमें ३७ व ४७ डेसिबेल आहेत. घराला अधिक कडक नियम कां, हें उघड आहे: तेथें शेजाऱ्याचा रेडिओ भिंतीपलीकडेच असतो. ‘अ’ वर्गाच्या यंत्रासोबत, तें वस्तींत वापरल्यास रेडिओला व्यत्यय येऊं शकेल, अशी सूचना द्यावी लागते.

३० मेगाहर्ट्झच्या खालीं लहर १० मीटरांहून लांब असते, आणि बहुतेक यंत्रें तिच्या मानानें फार लहान असल्यामुळें तेथें गोंगाट मुख्यतः तारेवरून पसरतो. म्हणून १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत विजेच्या तारेवर परत येणारा गोंगाट मोजतात. टेलिफोनच्या व संगणकजालाच्या जोडणीलाहि अशीच मर्यादा घातलेली आहे. ॲबरहोसानची हकीकत आठवा, म्हणजे या तारांची इतकी काळजी कां घ्यावयाची हें निराळें सांगावयास नको.

आतां दुसरें अंग पाहूं. आपण स्वतः गप्प बसलों तरी जग गप्प बसत नाहीं. जुन्या पद्धतीचा मोबाईल वाजण्यापूर्वीं शेजारच्या कर्ण्यांतून येणारी टिर्र-टिर्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. तो मोबाईल सेकंदाला सुमारें २१७ वेळां थांबून थांबून लहरी सोडतो, आणि कर्ण्यांतील मंडल त्या लहरींना ध्वनि समजतें. येथें नुसता कानाला त्रास झाला. परंतु प्रत्येक वेळीं इतक्यावर निभावत नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत असें आढळून आलें कीं, तान्ह्या मुलाचा श्वास थांबल्यास इशारा देण्यासाठीं बनविलेलीं कांहीं यंत्रें रेडिओ-लहरींच्या सान्निध्यांत इशारा देतच नाहींत; बाहेरून आलेल्या लहरीलाच तीं मुलाचा श्वास समजतात. यंत्र बंद पडलें असतें तर निदान तें कळलें असतें. येथें तें चालू राहून खोटी ग्वाही देत होतें. या एका उदाहरणावरून प्रतिकारक्षमतेचें महत्त्व पटावें.

म्हणून माहिती-तंत्रज्ञानाच्या यंत्रांसाठीं १९९७ सालीं ‘सिस्पर २४’ आणि २०१६ सालीं ‘सिस्पर ३५’ हीं मानकें निघालीं. त्यांत यंत्राची चहूंबाजूंनीं परीक्षा घेतात. ८० ते १००० मेगाहर्ट्झच्या लहरी मीटरमागें ३ व्होल्ट इतक्या बळानें त्यावर सोडतात. हिंवाळ्यांत लोकरी वस्त्र काढतांना उडते तशी, पण मोजून घेतलेली, ४,००० व्होल्टांची ठिणगी त्याच्या धातूच्या अंगाला लावतात, आणि ८,००० व्होल्टांची हवेंतून सोडतात. दूरवर वीज कोसळल्यानें विजेच्या तारेवर येतो तसा १,००० ते २,००० व्होल्टांचा धक्का देतात. पुरवठा क्षणभर तोडून पाहतात. निकालाच्या तीन पायऱ्या आहेत: काम न अडखळतां चालू राहणें ही पहिली, अडखळून आपोआप सांवरणें ही दुसरी, आणि माणसानें कळ दाबल्यावर सांवरणें ही तिसरी. लहरींसारखा सतत चालणारा त्रास असेल तर पहिलीच पायरी लागते. क्षणिक ठिणगीला दुसरी चालते. पुरवठा बराच वेळ तुटल्यास तिसरीहि मान्य होते.

येथें एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. यंत्रानें १० मीटरवर ३२ मायक्रोव्होल्टांपेक्षां अधिक बोलावयाचें नाहीं. परंतु ऐकून घ्यावयाचें किती, तर ३ व्होल्ट! म्हणजे जवळजवळ एक लाख पट. हा अन्याय नव्हे. दूरच्या केंद्राचा क्षीण स्वर ऐकणारा रेडिओ शेजारीं असूं शकतो, म्हणून बोलणें कुजबुजीएवढें. आणि हातांतला मोबाईल दोन-तीन मीटरवर असूं शकतो, म्हणून सोसणें गर्जनेएवढें. आपण कमी त्रास द्यावा आणि दुसऱ्याचा अधिक सोसावा, अशी शिकवण आपल्या घरचीं वडील माणसेंहि देत आलीं आहेत. येथें ती आंकड्यांत मांडली आहे, इतकाच फरक.

या कसोट्यांस उतरावयाचें कसें? पहिला उपाय उगमापाशीं: कामाला लागते त्याहून जलद उडी प्रवाहाला मारूं देऊं नये. दुसरा, जाणारा व परत येणारा प्रवाह अगदीं लगटून ठेवावा, म्हणजे दोघांचे परिणाम एकमेकांस मारक होतात. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेण्याची युक्ति हीच. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि आजच्या संगणकजालाच्या केबलींतहि तारांच्या जोड्या अशाच पिळलेल्या असतात. तिसरा उपाय गाळणीचा: तार पेटींत शिरते तेथेंच वेटोळें व धारित्र बसवून कामाचा प्रवाह आंत घ्यावा आणि गोंगाट अडवावा. कित्येक केबलींच्या टोकाजवळ सुपारीएवढा फुगीर भाग दिसतो. त्यांत फेराइट नांवाच्या चुंबकीय पदार्थाचें कडें असतें, व तें हेंच काम करतें.

चौथा उपाय कवचाचा. धातूच्या पिंजऱ्याच्या आंत बाहेरील विद्युत्-बळाचा शिरकाव होत नाहीं, हें फॅरडे यानें १८३६ सालीं स्वतः तशा पिंजऱ्यांत बसून दाखविलें. परंतु कवचाला फट राहिली कीं तें फसतें. आणि येथें फटीच्या रुंदीपेक्षां तिची लांबी अधिक घातक असते. पत्र्याच्या दोन तुकड्यांमधील केसाएवढी पण हातभर लांब फट लहरींना दार उघडून देते. उलट तितक्याच जागेंत पाडलेलीं शंभर बारीक छिद्रें निरुपद्रवी ठरतात. म्हणूनच संगणकाच्या पेटीला वाऱ्यासाठीं लांब चिरा न ठेवतां लहान छिद्रांची जाळी ठेवणें शहाणपणाचें असतें.

हे उपाय आरंभींच, कागदावर रेखाटन करतांना, योजले तर फारसा खर्च येत नाहीं. यंत्र तयार झाल्यावर परीक्षेंत नापास झालें, तर तेच उपाय ठिगळांसारखे लावावे लागतात व महाग पडतात. परीक्षा ज्या दालनांत होते त्याला बाहेरून धातूचें कवच आणि आंतून लहरी शोषून घेणारे सुळके असतात. यंत्र फिरत्या पाटावर ठेवून सर्व बाजूंनीं तपासतात, आणि आकाशतार १ मीटरपासून ४ मीटरपर्यंत खालींवर करून सर्वांत मोठा आंकडा नोंदवितात. कारण जमिनीवरून परावर्तन पावलेली लहर सरळ आलेल्या लहरीला कोठें वाढविते, तर कोठें मारते.

युरोपीय राष्ट्रांनीं १९८९ सालीं यासंबंधीं एक निर्देश काढला, आणि १९९६ च्या आरंभापासून तो पाळल्यावांचून माल विकणें अशक्य झालें. भारतांत २०१७ सालच्या नियमदुरुस्तीनें दूरसंचाराच्या यंत्रांची सक्तीची परीक्षा ठरली, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या देखरेखीखालीं ती टप्प्याटप्प्यानें अंमलांत येऊं लागली. परंतु परीक्षेस एक नमुना पाठविला जातो, आणि विकले जातात हजारों नग. मागाहून दोन पैसे वांचविण्यासाठीं कोणी गाळणीच गाळली, तर प्रमाणपत्र भिंतीवर जसेंच्या तसें राहतें आणि त्रास शेजाऱ्याच्या घरीं जातो. तसेंच दोन निर्दोष यंत्रें एकत्र जोडलीं म्हणजे तिसरें निर्दोष यंत्र तयार होतें, असाहि भरंवसा नाहीं. जोडणारी केबल नवा मार्ग उघडते. म्हणून या विषयांत कायद्याइतकीच करणाराची सचोटी महत्त्वाची आहे.

अलिबागची कथा पुराणी झाली असें मात्र कोणी समजूं नये. पुणें जिल्ह्यांत जुन्नर तालुक्यांत खोडद गांवीं प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या या दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरच्या परिसरांत पसरल्या आहेत. आकाशस्थ ज्योतींपासून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी त्या टिपतात. मनुष्यनिर्मित गोंगाट थोडा असावा, हें ती जागा निवडण्याचें एक कारण होतें. तरीहि गोंगाटानें तिला गांठलेंच. विजेच्या वाहिन्यांवरील ठिणग्यांचा खरखराट वेगळा काढण्यासाठीं तेथील शास्त्रज्ञांना खास युक्त्या योजाव्या लागल्या. म्हणजे दूर जाऊनहि शेजार सुटत नाहीं. आपल्या हातचा एखादा हलका चार्जर लक्षावधि वर्षें प्रवास करून आलेल्या लहरीला शेवटच्या पावलावर बुडवूं शकतो, हें ध्यानांत आलें म्हणजे या नियमांचें मोल कळतें.

विद्यार्थ्यांना एक सोपा प्रयोग सुचवून हा लेख पुरा करतों. घरांत जुना रेडिओ असेल तर तो मध्यम लहरींवर लावून कांटा दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागीं ठेवा. नंतर तो हातांत धरून चार्जर, विजेचे दिवे, संगणक व राउटर यांच्याजवळ फिरवा, आणि प्रत्येकाचा खरखराट किती अंतरावर विरतो तें वहींत टिपून ठेवा. कोणतेंहि यंत्र मात्र उघडूं नका. मग एखादें केंद्र लावून रेडिओ पत्र्याच्या डब्यांत ठेवा व घट्ट झांकण लावा. आवाज क्षीण होईल किंवा बंद पडेल. त्याच डब्यांत मोबाईल ठेवला तर मात्र तो कित्येकदां खुशाल वाजतो. मध्यम लहर शेंकडों मीटर लांबीची असते, आणि मोबाईलची लहर वीतभर, फार तर हातभर. झांकणाची फट एकीला बंद तर दुसरीला उघडी कां, हें वरील विवेचनावरून तुम्हांलाच सांगतां येईल.

त्या टिपणांतून तुम्हांस आणखी एक गोष्ट दिसेल. ज्या यंत्राला आपण आजवर निमूट समजत होतों, तेंच कदाचित् सर्वांत मोठ्यानें ओरडत असेल. उद्यां तुमच्यापैकीं जे कोणी यंत्रें बनवितील, त्यांनीं आपलें यंत्र आपलें काम नीट करतें एवढ्यावर समाधान मानूं नये. शेजारच्या घरीं त्याच्यामुळें काय घडतें, हाहि प्रश्न त्यांनीं आरंभापासून स्वतःस विचारावा. कारण तो विचारण्यास शेजारी बहुधा येणार नाहीं. आपणांस कोणाकडे दाद मागावयाची, हेंच त्याला ठाऊक नसतें.